वळणाआधी ब्रेक, मग गॅस

माझ्याकडे एक जुनी स्विफ्ट आहे. ती घेऊन मी कधीकधी पुण्याकडं ऑटोक्रॉसला उतरतो. नांदेडचा दुकानदार आणि असला शौक, म्हणून लोक हसतात. पण धंद्यातली माझी सगळ्यात महागडी चूक मला ह्याच गाडीमुळं कळली.

ऑटोक्रॉस म्हणजे मोकळ्या मैदानावर आखलेला छोटा, वळणावळणाचा ट्रॅक. शर्यत घड्याळाशी. खुणेच्या शंकूला धक्का लागला की तुमच्या वेळेत दंडाचे सेकंद वाढतात.

1983 ची मारुती 800 असो की आजची स्विफ्ट, ह्या फ्रंट व्हील ड्राइव्ह गाड्या. पुढचीच चाकं गाडी ओढतात आणि तीच वळवतात. टायरची पकड मात्र ठरलेली. वळणात गॅस दाबला की पकड ओढण्यात खर्च होते. मग स्टेअरिंग कितीही फिरवा, गाडी बाहेरच्या बाजूला सरकत जाते. उपाय साधा आहे: आधी ब्रेक, मग वळण, तोंड सरळ झालं की गॅस.

आता दुकान बघा. छोट्या धंद्यात ओढणारा मालक आणि वळवणाराही मालकच. नांदेडचं दुकान जोरात होतं, तेव्हा मी ऐन दिवाळीच्या तोंडावर लातूरला दुसरं उघडलं. इकडं उधारी वसूल करायला कुणी नाही, तिकडं गिऱ्हाइकाशी बोलायला मी नाही. 14 महिन्यांत लातूरचं शटर खाली. लातूरच्या बाजारात खोट नव्हती, मी वळणात गॅस दाबला होता.

"थांबला तो संपला" असं सगळे सांगतात. मला हे पटत नाही. नवं दुकान, नवा माल, नवा भागीदार, हे सगळं वळणच आहे. त्याआधी दोन-तीन महिने वेग कमी करा. उधारी गोळा करा, गल्ला सांभाळणारा माणूस तयार करा, आणि आठवडाभर तुम्ही नसताना दुकान चालतं का ते बघा. चाललं, तरच वळा.

आणि कुणाला हा शौक करायचाच असेल, तर दुकानाच्या भांडवलाला हात लावू नका. रेसिंगमधलं नुकसान नेहमीच्या गाडीच्या विम्यात भरून मिळत नाही. नांदेड-लातूर रोडवर गाडी पळवणं म्हणजे रेसिंग नाही, ते दुसऱ्याच्या जिवाशी खेळणं आहे.

ह्या आठवड्याचं काम एकच: उधारीची वही उघडा आणि बेरीज करा. भेटू पुढच्या व्हिडिओत!