लोकशाही परकी की आपली?



लोकशाही हे पश्चिमेकडून आणलेले रोपटे आहे, ते या मातीत रुजावयाचे नाही, असे मत अधूनमधून मोठ्या विद्वत्तेने मांडले जाते. आपली मूल्ये निराळी, आपली परंपरा निराळी, असे म्हणून समतेची मागणीच परकी ठरविली जाते. धम्माचा नव्याने स्वीकार केलेल्या कुटुंबांनी या युक्तिवादाने बिचकून जाऊ नये. त्याचे उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी देऊन ठेविले आहे.

बाबासाहेब मूळचे अर्थशास्त्रज्ञ. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाबद्दल लंडन विद्यापीठाने १९२३ साली त्यांना डी.एस्‌सी. ही पदवी दिली. राजकारणात आल्यावरही जमीन कोणाची, राबतो कोण आणि फळ कोणाच्या पदरी पडते, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी मांडले ते याच दृष्टीने.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना या अर्थशास्त्रज्ञाने देशाला त्याच्याच इतिहासाची आठवण करून दिली. सभेचे नियम भारताला नवे नाहीत, असे त्यांनी सांगितले. भिक्षुसंघात कोणी कोठे बसावे, ठराव कसा मांडावा, गणसंख्या किती असावी, शलाका वाटून मते कशी मोजावी, या सर्वांचे नियम होते. तत्कालीन राजकीय सभांमधूनच भगवान बुद्धांनी ते घेतले असावेत, असा त्यांचा तर्क होता. ही लोकशाही भारताने एकदा गमावली. ती पुन्हा गमावली जाईल काय, ही चिंता त्यांनी त्याच भाषणात बोलून दाखविली.

परंतु येथे एक भेद नीट ध्यानात घ्यावा. देशी म्हणून जे जे आहे ते सर्व बाबासाहेबांनी पूज्य मानले नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी याच सभागृहात, ग्रामपंचायतींना राज्याचा पाया करा असे म्हणणाऱ्यांना त्यांनी खडसावले होते. ज्या गावाने माणसाला वेशीबाहेर ठेविले, त्या गावाचे गोडवे त्यांना कसे गाववतील? अस्पृश्यताही देशीच होती! तेव्हा एखादी गोष्ट आपली आहे एवढ्याने ती चांगली ठरत नाही. ती माणसाला माणूस म्हणून उभे करते काय, हीच तिची कसोटी होय.

वाईकरांना हा भेद समजण्यास दूर जावयास नको. कृष्णाकाठचे घाट आणि देवळे पाहून येथील परंपरा म्हणजे एवढेच, असे पाहुण्यास वाटते. पण जवळच लोहारे गावच्या खडकात बौद्ध लेणी कोरलेली आहेत. त्यांतील एकात आज पालपेश्वराचे देवस्थान आहे. जातीचा विचार न करता माणसाला सामावून घेणाऱ्या संघाची परंपराही याच मातीतील आहे.

१९९३ साली त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली आणि ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले. ज्या गावाविषयी बाबासाहेबांना भय होते, त्याच गावात आज तुम्हांला बसावयाचे आहे. म्हणून ग्रामसभा चुकवू नका. मागे उभे राहू नका. वस्तीचे पाणी, रस्ता, घरकुल यांविषयी तोंडी विनंती न करता ठराव मांडा, आणि तो इतिवृत्तात लिहिला गेला की नाही हे वाचून पाहा.

हीच कसोटी स्वतःच्या घरालाही लावा. मुलीचे शिक्षण आणि विवाह यांचा निर्णय तिला न विचारता होत असेल, तर त्या घराने एका माणसाचे मत बाद केले आहे. राजकारणात एका माणसाला एक मत मिळाले, पण समाजात एका माणसाचे मोल दुसऱ्याइतके झाले नाही, ही विसंगती बाबासाहेबांनी १९४९ सालीच दाखविली होती. ती दूर करण्याचे काम ग्रामसभेत तुमचे आहे, आणि घरातही तुमचेच आहे.