खरखरीच्या बाजूने

ब्लॅक मेटल नावाचा एक संगीतप्रकार आहे. ज्यांच्या कानांवरून तो अद्याप गेलेला नाही, त्यांनी अशी कल्पना करावी : पिठाची गिरणी चालू आहे, पत्र्यावर गारा पडताहेत आणि मधेच कोणाच्या तरी घशात माशाचा काटा अडकला आहे. हे पहिल्यांदा ऐकताना. पाचव्यांदा ऐकताना त्या गिरणीच्या आत एक उदास चाल सापडते आणि मग दोन दिवस ती डोक्यातून जात नाही. पण पाचव्या वेळेपर्यंत टिकायला शेजार चांगला लागतो. आमच्याकडे दुसऱ्याच वेळेला शेजारचे नाना "मिक्सर बिघडला का हो?" म्हणून विचारायला आले.

नानांशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते आमच्या भाच्याशी आणि त्याच्या पंथाशी. त्याला मी युक्रेनच्या केख्त आराख या एकट्या गड्याचा 2021 सालचा 'पेल सोर्ड्समन' हा अल्बम ऐकवला. खरबरीत गिटार, रांजणात तोंड घालून ओरडल्यासारखा आवाज आणि मधूनच शांत पियानो. भाच्याने नाक मुरडलं.

"मामा, हे बनावट आहे! आता लॅपटॉपवर स्वच्छ आवाज फुकटात मिळतो, तर मुद्दाम कशाला खराब करायचा? नव्वद सालच्या नॉर्वेतल्या पोरांकडे पैसे नव्हते, म्हणून त्यांचा आवाज तसा. ती खरी गरिबी. ही फॅशन!"

आता नॉर्वे हा तेलावर पोसलेला देश. तिथली गरिबी शोधायला आमचा भाचा मुंबईहून निघाला, हेच आधी कौतुकाचं. पण नोंदी काय सांगतात? डार्कथ्रोन या मंडळींचा 1991 साली आलेला पहिला अल्बम स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत रीतसर मुद्रित झालेला होता. त्यानंतर त्यांनी ते सगळं सोडलं, आणि 1994 चा 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर' फेनरिझने चार ट्रॅकच्या यंत्रावर, सगळी वाद्यं एकट्याने वाजवून केला. गायला तेवढा जोडीदार नॉक्टर्नो कुल्टो. म्हणजे पंचतारांकित हॉटेलात जेवून झाल्यावर घरी येऊन मुद्दाम चुलीवर पिठलं टाकलं. बर्झुमवाल्या व्हिकर्नेसने 'फिलोसोफेम'च्या वेळी, 1993 साली, सगळ्यात वाईट माइक मागून घेतला; त्याला कानाला लावायच्या हेडसेटचा माइक मिळाला. मेहेमचा 1994 चा अल्बम तर बर्गेनच्या ग्रीगहालेन या थोरल्या संगीतसभागृहात मुद्रित झाला. ही कसली हो गरिबी?

खरी अडचण बघायची तर आणखी मागे जायला हवं. स्वीडनच्या बॅथरीचा पहिला अल्बम 1984 साली आला, तो एका गॅरेजातल्या स्टुडिओत केलेला. नॉर्वेची पोरं त्या आवाजाच्या प्रेमात पडली आणि त्यांनी तो जाणूनबुजून उचलला. तेव्हा भाचा ज्याला अस्सल म्हणतो, तीच मुळी जुन्याची नक्कल! नक्कल करणाऱ्याची नक्कल केली म्हणून आजच्या पोराला फटके का?

बरं, ही खरखर काही शोभेची नाही. या संगीतात गिटारची एकच तार भराभरा छेडत राहतात, ढोल घोड्यासारखा उधळतो. हे सगळं लख्ख मुद्रित केलं तर टाइपरायटिंगच्या क्लासात बसल्यासारखं वाटेल. खरखरीत सूर एकमेकांत विरघळतात, त्यांचा एक पडदा होतो आणि त्यामागून चाल हळूहळू सरकते. घाटात धुकं असलं की ड्रायव्हरला त्रास होतो हे कबूल, पण धुकं पुसून टाकलेला घाट बघायला पावसाळ्यात जातं कोण?

आणि खरेपणाच्या दाखल्यांबद्दल बोलायचं तर जरा जपून. अस्सल कोण नि भेसळ कोण, याची मोजदाद या पंथात फार झाली. 1992 च्या जून महिन्यात बर्गेनजवळचं फान्टॉफ्टचं जुनं लाकडी चर्च जळून गेलं. 1993 साली मेहेमच्या युरोनिमसचा खून झाला. त्याबद्दल आणि काही चर्चच्या जाळपोळीबद्दल याच व्हिकर्नेसला 1994 साली 21 वर्षांची शिक्षा झाली. अस्सलपणाचा दाखला मागायचाच असेल, तर तो आवाजाकडे मागू नये आणि माणसांकडे तर मुळीच मागू नये.

म्हणून मी खरखर करणाऱ्या प्रत्येकाचा वकील आहे, असं मात्र नाही. कॅसेटच्या मोजक्याच प्रती काढायच्या, वर काळं-पांढरं जंगल छापायचं आणि आत नुसता फुस्स आवाज भरायचा, असेही महाभाग आहेत. धूर झाला म्हणजे स्वयंपाक झाला, अशी त्यांची समजूत. माझी कसोटी साधी आहे : ऐकून झाल्यावर भांडी घासताना ती चाल शिटीवर वाजवता आली पाहिजे. 'पेल सोर्ड्समन' वाजवता येतो. मग तो आवाज लॅपटॉपातून आला की गॅरेजातून, ही चौकशी सेल्सटॅक्सवाल्यांनी करावी.

राहता राहिला भाचा. या बनावटगिरीच्या शत्रूने आपल्या लग्नाची पत्रिका हातकागदावर छापून घेतली होती. कडा मुद्दाम फाटक्या. फाटक्या कडांचे छापखान्याने जादा पैसे लावले.

आतला मजकूर चांगला होता, म्हणून मी लग्नाला गेलो.