पिंपळाखाली थांबताना

घुग्घुसहून निघालेली बस तासाभरात चंद्रपूरला पोचते. तिथल्या जुन्या तुरुंगाच्या आवारात, पिंपळाच्या झाडाला, २१ ऑक्टोबर १८५८ रोजी बाबुराव शेडमाके यांना फाशी देण्यात आली. वय अवघं पंचवीस.

या अंकासाठी आम्ही त्यांना निवडलं, कारण घुग्घुसमधली आपली मुलं १८५७च्या उठावातलं मेरठ, झाशी, कानपूर पाठ करतात. मोलमपल्लीच्या या गोंड तरुणाचं नाव मात्र त्यांना जयंतीच्या फलकावरच भेटतं. २००९ साली त्यांचं टपाल तिकीट निघालं. मान मिळाला, तपशील मागेच राहिला.

तपशीलच महत्त्वाचा आहे. मार्च १८५८ मध्ये बाबुरावांनी उभारलेल्या जंगोम सेनेने राजगड परगणा घेतला. पुढे प्राणहितेकाठी चिंचगुडीला इंग्रजांच्या तारखात्याच्या छावणीवर हल्ला झाला. ज्या तारेवरून हुकूम धावत होते, तिचं मोल या जंगलातल्या माणसांनी ओळखलं होतं. आणि शेवटी बाबुरावांना धरून दिलं ते अहेरीच्या जमीनदारीने. हे लिहिताना हात जड होतो, पण हेही सांगायलाच हवं.

म्हणून या अंकात पुतळ्यापेक्षा माणूस शोधला आहे: त्यांचे साथीदार, अडपल्ली-घोटचे व्यंकटराव, आणि ज्या गावांनी त्यांना भाकर दिली ती गावं.

तुमच्या घरी आजी-आजोबांनी बाबुरावांबद्दल काही सांगितलं असेल, गोंडी गाण्यात त्यांचं नाव ऐकलं असेल, तर आम्हाला लिहा. गोंडीतच लिहिलंत तरी चालेल.