वर्दी उतरते, हुद्दा उतरत नाही

देशभक्तीच्या भाषणांत सगळे सैनिक सारखेच असतात. निवृत्तीनंतर मात्र एक माजी सैनिक कंपनीत सुरक्षा विभागाचा प्रमुख होतो आणि दुसरा त्याच कंपनीच्या गेटवर बारा-बारा तास उभा राहतो. देशसेवा दोघांचीही. मग कमाईत एवढी तफावत का? आम्ही म्हणतो, हुद्द्यामुळे!

बहुतेक जवान पस्तीस-चाळिशीत, मुलं शाळेत असतानाच घरी येतात. पेन्शन शेवटच्या पगाराच्या निम्मी. पगारच लहान, तर निम्म्यात घर कसं चालणार? दुसरी नोकरी करावीच लागते. अधिकाऱ्यांसाठी पुनर्वसन महासंचालनालय आयआयएममध्ये व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम चालवतं. त्याच्याच योजनेतल्या सुरक्षा एजन्सीचा मालक निवृत्त अधिकारी, पहारेकरी निवृत्त जवान! केंद्राच्या नोकऱ्यांत माजी सैनिकांना गट 'क' मध्ये १० टक्के आणि गट 'ड' मध्ये २० टक्के राखीव जागा आहेत. पंधरा वर्षं सेवा केलेल्या दहावी पास जवानाला पदवीधरासमान मानतात, पण तेही गट 'क' पुरतंच.

काहीजण म्हणतील, ही गुणवत्ता आहे. वायरलेस, तोफ, रणगाडा सांभाळणाऱ्याकडे गुणवत्ता नाही? खरं तर हुद्दा भरतीच्या दारातच ठरतो. पदवी, इंग्रजी, मुलाखतीतला रुबाब ज्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या आहे तो अधिकारी. ज्याच्या घरात दहावी पास होणारा तोच पहिला, तो जवान.

आपल्याला हे नवीन नाही. लष्करातल्या शिक्षणामुळे सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेचे मुख्याध्यापक झाले, निवृत्तीनंतर सातारा भागात त्यांना नोकरी मिळाली आणि त्या घरात भीमराव शिकले. इंग्रजांनी महारांची भरती बंद केली तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला, कारण बंद झाली होती ती नुसती नोकरी नव्हे. शिक्षणाची, पेन्शनची, पुढच्या पिढीची वाट बंद झाली होती.

आज २०२२ च्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्केच जवान कायम होणार. बाकीचे हुद्दा वाढण्याआधीच, पेन्शनशिवाय घरी!

म्हणून आमची मागणी साधी आहे. सुरक्षा एजन्सी जवानांच्या सहकारी संस्थांनाही द्या. लष्करात शिकलेल्या कामाला गट 'क' च्या वरही मान्यता द्या. आणि निवृत्तीनंतर कोण काय कमावतो, याची हुद्दानिहाय आणि प्रवर्गनिहाय आकडेवारी जाहीर करा. छातीवरच्या पदकाला सलाम करणाऱ्यांनी त्याच्या पगाराची पावतीही एकदा बघावी.

जय भीम!