समुद्रावर आणखी डोळे हवेत

नोव्हेंबर २०१७च्या अखेरीस ‘ओखी’ चक्रीवादळ केरळ आणि कन्याकुमारीच्या किनाऱ्याजवळून पुढे सरकले, तेव्हा शेकडो मच्छीमार खोल समुद्रात होते. नौदल आणि तटरक्षक दलाच्या नौका व विमाने शोधासाठी निघाली. तरीही मच्छीमार वस्त्यांतून एक मागणी सातत्याने होत राहिली : आम्हालाही सोबत न्या; वारा आणि प्रवाह पाहता आमची माणसे कुठवर वाहत गेली असतील, ते आम्हाला कळते. अखेर काही मच्छीमारांना शोधनौकांवर घेण्यात आले. तो शहाणपणाचा निर्णय होता. पण तो ऐन संकटात घ्यावा लागला, हेच आपल्या व्यवस्थेतील न्यून होय.

भारतावर सोपवलेले सागरी शोध व बचावाचे क्षेत्र सुमारे ४६ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे देशाच्या भूभागाहूनही मोठे आहे. १९७८च्या कायद्याने विधिवत अस्तित्वात आलेले तटरक्षक दल हा भार समर्थपणे पेलते. परंतु कोणत्याही दलाची विमाने आणि माणसे मोजकीच असतात. शिवाय हवाई शोधात यंत्रांइतकेच महत्त्व खिडकीशी बसलेल्या निरीक्षकाला असते. फेसाळत्या लाटांत माणसाचे डोके क्षणभर दिसते आणि विमान पुढे निघून जाते. तो क्षण टिपण्यासाठी सराव लागतो. डोळे थकले की दुसरा माणूस बदलीला लागतो.

हे काम स्वयंसेवक करू शकतात, याचा पुरावा अमेरिकेत आहे. तेथील तटरक्षक दलाचे सहायक दल १९३९पासून नागरिकांच्या बळावर उभे आहे. त्याच्या हवाई शाखेत सदस्य स्वतःची विमाने घेऊन गस्त आणि शोधाच्या कामाला जातात. वेतन नसते, मात्र इंधनखर्च मिळतो आणि प्रत्येक उड्डाण तटरक्षक दलाच्या आदेशानेच होते. वैमानिक नसलेल्यांनाही निरीक्षक होता येते. त्यासाठी पोहण्याची चाचणी आणि पाण्यात तग धरून राहण्याचे प्रशिक्षण आवश्यक असते.

आपल्याकडे खासगी विमाने थोडी आहेत, हे खरे. म्हणून त्या व्यवस्थेची नक्कल करण्याचे कारण नाही. विमान सरकारचे आणि निरीक्षक समाजातला, अशी सुरुवात करता येईल. निवृत्त नौसैनिक, फ्लाइंग क्लबांचे सदस्य आणि सर्वांत आधी अनुभवी मच्छीमार यांची प्रत्येक किनारी राज्यात आगाऊ निवड करावी, त्यांना प्रशिक्षण द्यावे आणि वर्षातून ठरावीक दिवस सरावासाठी बोलवावे. नोकरी-व्यवसाय सांभाळून देशसेवा करण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. प्रादेशिक सेना १९४९पासून त्याच तत्त्वावर चालते.

सुरक्षेचा आक्षेप घेतला जाईल. २६/११नंतर तो हलका मानता येणार नाही. परंतु त्याच हल्ल्यानंतर मच्छीमारांना किनाऱ्याचे ‘डोळे आणि कान’ म्हटले गेले आणि महाराष्ट्रात सागर सुरक्षा दलांमार्फत पोलीस त्यांचीच मदत घेतात. होडीतून दिलेल्या माहितीवर विश्वास ठेवायचा आणि विमानात बसवताना मात्र कचरायचे, ही विसंगती आहे. चारित्र्य पडताळणी करून हा प्रश्न सोडवता येतो.

धोक्याचा आक्षेप अधिक गंभीर आहे. सप्टेंबर २०२४मध्ये पोरबंदरनजीक बचावकार्यावर निघालेले तटरक्षक दलाचे हेलिकॉप्टर समुद्रात कोसळले आणि प्रशिक्षित जवानांनाही प्राण गमवावे लागले. त्यामुळे दोरावरून खाली उतरण्याचे किंवा वादळात झेपावण्याचे काम स्वयंसेवकांना कदापि देऊ नये. त्यांनी वादळ ओसरल्यावरच्या शोधात सहभागी व्हावे. त्यांना विमा आणि अपघातात कुटुंबाला जवानाच्या तोडीची भरपाई मिळावी. एवढी हमी देण्याची तयारी नसेल, तर सरकारने स्वयंसेवकांना हाक देऊ नये.

२०१८च्या महापुरात केरळच्या मच्छीमारांनी होड्या ट्रकांवर चढवून हजारोंना वाचवले. त्यांचे सत्कार झाले, ते योग्यच. पण सत्कार संकटानंतर होतात. प्रशिक्षण मात्र त्याआधी द्यावे लागते.