दारातील जीप आणि दिव्यातील तेल



जोयडा तालुक्यातील वाड्यांवर पावसाळ्याच्या रात्री दुखणाइतास दवाखान्यात न्यावयाचे, तर पुष्कळदा शेजाऱ्याची जीपच कामी येते. तीच सुरू झाली नाही तर?

1912 साली कॅडिलॅक गाडीस विजेचा सेल्फ बसला. तत्पूर्वी हँडल फिरवून इंजिन चालू करीत. आजच्या गाड्यांना हँडल नाही. सारा भार बॅटरीवर.

किल्ली फिरविताच नुसती टकटक होऊन दिवे मंदावले, तर बॅटरी उतरली किंवा तिची टोके सैल झाली, असे बहुधा समजावे. दिवे व पंखा बंद करावेत. सेल्फ 10 सेकंदांहून अधिक मारू नये. मध्ये अर्धा मिनिट थांबावे. टोकांवर पांढरट-हिरवा थर साचल्यास तो पुसावा. त्यासाठी काळी तार प्रथम काढावी व शेवटी जोडावी. सेल्फ जोमाने फिरूनही इंजिन धरत नसेल, तर दोष बहुधा अन्यत्र असतो.

दाखल्यातील पाच मूर्ख कुमारिकांजवळ दिवे होते, जादा तेल मात्र नव्हते. म्हणून आम्ही सुचवितो, की पावसाळ्यापूर्वी बॅटरी तपासून घ्यावी व रोज गाडी लावताना दिवे विझविल्याची खात्री करावी. शेजारप्रीतीचेच हे एक लहानसे कृत्य होय.