पिशवीचे पैसे बिलावर दिसू द्या

महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, असे आज एखाद्या मंडईत मोठ्याने म्हटले तर भाजीवाला आणि गिऱ्हाईक दोघेही हसतील. ही बंदी एकदा नाही, दोनदा आली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मुंबई बुडाली आणि तुंबलेल्या गटारांचे खापर पिशव्यांवर फुटले. सरकारने लगोलग बंदी जाहीर केली. पुढच्याच वर्षी तिचे रूपांतर पन्नास मायक्रॉन जाडीच्या अटीत झाले. दुसरी बंदी २३ मार्च २०१८ची. तीन महिन्यांच्या मुदतीनंतर पहिल्या गुन्ह्याला ५ हजार रुपये दंड, दुसऱ्याला १० हजार, तिसऱ्याला २५ हजार आणि वर तीन महिन्यांपर्यंत कैद. सुरुवातीचे काही आठवडे लोक मटणाच्या दुकानात डबे घेऊन गेले. मग हातगाडीच्या दांड्याला पिशव्यांचा जुडगा पुन्हा लटकू लागला. अंमलबजावणी ढिली आणि लोक बेफिकीर, हे याचे ठरलेले निदान. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. पिशवी बेकायदा ठरली, तरी गिऱ्हाइकाच्या लेखी ती फुकटच राहिली, ही खरी गोम आहे. फुकट वस्तूला नको म्हणण्याची सवय कायद्याच्या धाकाने लागत नाही.

दुकानदाराच्या बाजूने पाहा. झबला पिशवी त्याला किलोच्या भावाने मिळते आणि एकेक पिशवी काही पैशांत पडते. ती दिली नाही तर गिऱ्हाईक शेजारच्या गाडीवर जाते, दिली तर पकडले जाण्याची शक्यता फार थोडी. रोजच्या धंद्यात कोणीही शहाणा माणूस पिशवी देईल. उरला ५ हजारांचा दंड. ज्या बाईची दिवसभराची विक्रीच तेवढी होत नाही तिला तो लावायला निरीक्षकाचाही हात धजत नाही, आणि जिथे लावता येत नाही तिथे तडजोड होते. गिऱ्हाइकाला मात्र यातले काहीच कळत नाही. कोथिंबिरीला वेगळी, मिरच्यांना वेगळी आणि त्या दोन्हींना धरून तिसरी पिशवी मागताना त्याच्या खिशातून काही जात नाही, म्हणजे तसे त्याला वाटते. प्रत्यक्षात पिशव्यांचा खर्च भाजीच्या भावात मिसळलेला असतो. घरून कापडी पिशवी आणणारी बाई रिकाम्या हाताने आलेल्या शेजाऱ्याच्या पिशवीचेही पैसे भरत असते. शिस्त पाळणाऱ्याकडून वसुली आणि न पाळणाऱ्याला सवलत, असा हा व्यवहार आहे.

हे आपल्या नियमकर्त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. केंद्राच्या २०११च्या नियमांतच कोणत्याही दुकानदाराने कॅरीबॅग फुकट देऊ नये असे म्हटले होते. २०१६च्या नियमांनी पुढे जाऊन प्लास्टिक पिशव्या देऊ इच्छिणाऱ्या दुकानदाराला आणि फेरीवाल्यालाही स्थानिक संस्थेकडे नोंदणी करायला लावली. शुल्क महिन्याला किमान ४ हजार, म्हणजे वर्षाला ४८ हजार. हा आकडा फेरीवाल्यासाठी हास्यास्पद होता आणि अर्थातच तो कोणी भरला नाही. पण आकडा चुकला म्हणून तो बदलायचा की कलमच काढून टाकायचे? मार्च २०१८च्या दुरुस्तीत ते कलम वगळले गेले. त्यानंतर सगळा भर आला जाडीवर: सप्टेंबर २०२१च्या अखेरीपासून ७५ मायक्रॉन आणि २०२२ संपताना १२० मायक्रॉन. जाड पिशवी महाग पडेल, दुकानदार ती फुकट देणार नाही आणि कचरावेचक ती उचलतील, हा त्यामागचा हिशेब. तो कागदावर बरोबर आहे. मात्र १२० मायक्रॉनच्या एका पिशवीत त्याच आकाराच्या ४० मायक्रॉनच्या तीन पिशव्यांचे प्लास्टिक असते. ती फुकटच वाटली गेली तर कचरा तिप्पट वजनाचा होणार. शिवाय मायक्रॉन डोळ्यांना दिसत नाही. भाजीवाल्याकडे, गिऱ्हाइकाकडे आणि बहुतेक वेळा निरीक्षकाकडेही मोजायचे साधन नसते. पिशवीचे पैसे वेगळे घेतले की नाही, हे मात्र कोणालाही कळते.

किंमत लावल्याने वागणे बदलते याचा सर्वांत चांगला पुरावा आयर्लंडचा आहे. तिथे मार्च २००२मध्ये प्रत्येक प्लास्टिक पिशवीवर १५ सेंट कर बसला. तो गिऱ्हाइकाकडूनच घ्यायचा, दुकानदाराने सोसायचा नाही, अशी अट होती. वर्षाला माणशी सुमारे ३२८ पिशव्यांचा वापर २१ वर आला. पुढे तो थोडा चढू लागला तेव्हा २००७मध्ये कर २२ सेंट केला गेला. मासे, मटण आणि सुटी फळे-भाजी यांच्या छोट्या पिशव्यांना मात्र पहिल्यापासून सूट होती. मला हा तपशील महत्त्वाचा वाटतो, कारण सगळे एकदम बंद करण्याच्या आवेशापेक्षा त्यात जास्त व्यवहार आहे. इंग्लंडने ऑक्टोबर २०१५मध्ये मोठ्या दुकानांत ५ पेन्स घ्यायला लावले आणि सात मोठ्या साखळ्यांचा पिशव्यांचा वापर, जो २०१४मध्ये सुमारे ७६० कोटी होता, पुढच्या काही वर्षांत ९५ टक्क्यांहून अधिक घटला. तिथे एक पळवाटही उघडी राहिली. 'जन्मभराची पिशवी' या नावाने विकल्या जाणाऱ्या जाड पिशव्या इतक्या स्वस्त होत्या की लोक त्याच एकदा वापरून टाकू लागले. आपल्याकडे ही जागा न विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनच्या पिशव्यांनी घेतली आहे. दिसायला त्या कापडासारख्या, म्हणून दुकानदार कापडी म्हणून देतो आणि गिऱ्हाईक समाधानाने घेते. प्रत्यक्षात तेही प्लास्टिकच. तेव्हा किंमत लावायची तर हातात पडणाऱ्या प्रत्येक नव्या पिशवीला लावावी, कागदी पिशवीलाही.

यावर पहिला आक्षेप गरिबांचा येतो. रोजंदारीवरून परतताना पाव किलो वांगी घेणाऱ्या माणसाकडून पिशवीचे दोन रुपये घ्यायचे का? पण फुकट पिशवीचा खर्च भाजीच्या भावातून तोही आज भरतोच आहे, आणि तुंबलेल्या नाल्याचे पाणी सर्वांत आधी त्याच्याच वस्तीत शिरते. जुन्या पिशवीची घडी खिशात ठेवली तर त्याचे दोन रुपये वाचतात. आजच्या व्यवस्थेत अशी बचत करण्याची सोयच नाही. लोकलमधून उतरून वाटेत खरेदी करणाऱ्या, हातात काही नसलेल्या नोकरदाराची अडचण खरी आहे. पण त्याला पिशवी मिळणार नाही असे कोणी म्हणत नाही. ती विकत मिळेल, इतकेच. तामिळनाडूने डिसेंबर २०२१मध्ये पिवळ्या कापडी पिशव्यांची मोहीम सुरू केली आणि पुढे चेन्नईच्या कोयंबेडू बाजारात १० रुपयांत अशी पिशवी देणारे यंत्र बसवले. आपल्या मंडयांच्या दारात बचत गटांना हेच काम देता येईल. दुसरा आक्षेप कायद्याचा. पिशवीचे वेगळे पैसे घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे असे ग्राहक आयोगांनीच म्हटले आहे ना? राष्ट्रीय आयोगाने डिसेंबर २०२०मध्ये एका मोठ्या दुकानसाखळीला दोष दिला तो प्रामुख्याने पूर्वसूचनेबद्दल. माल निवडून झाल्यावर, पैसे भरण्याच्या रांगेत ऐनवेळी पिशवीचे पैसे सांगणे गैर आहे. दारावर दर लिहिलेला असेल, स्वतःची पिशवी आत न्यायला मज्जाव नसेल आणि विकत दिलेल्या पिशवीवर दुकानाची जाहिरात नसेल, तर त्या तक्रारीत फारसे उरत नाही.

तिसरा आक्षेप जास्त अभ्यासू आहे. डेन्मार्कच्या पर्यावरण विभागाच्या २०१८च्या अहवालानुसार कापसाची साधी पिशवी सगळ्या निकषांवर प्लास्टिकच्या बरोबरीला येण्यासाठी सुमारे ७ हजार वेळा वापरावी लागते. कापूस पिकवायला लागणारे पाणी, खत आणि कीटकनाशके पाहता यात आश्चर्य नाही, आणि विदर्भाच्या वाचकाला तर ते वेगळे सांगायला नको. तरी या अहवालाचे एक गृहीतक विसरू नये. डेन्मार्कमध्ये पिशवी शेवटी कचऱ्याच्या भट्टीत जाते. उघड्यावर पडून नाल्यात, शेतात किंवा गाईच्या पोटात जाणारी पिशवी त्या हिशेबात धरलेलीच नाही. आपल्याकडे तर मुख्य प्रश्न तोच आहे. यातून घ्यायचा धडा असा की समारंभांत नव्या कापडी पिशव्यांची खैरात करणे हा उपाय नाही. फाटलेल्या साडीची, जुन्या पँटची किंवा चादरीची पिशवी शिवली तर त्यासाठी वेगळा कापूस पिकवावा लागत नाही.

पण गिऱ्हाइकालाच किती झोडपायचे? कॅरीबॅग गेली तरी घरच्या कचऱ्याच्या डब्यात उरतात ती चिप्सची पाकिटे, शाम्पूच्या पुड्या आणि बिस्किटाच्या आतले वेष्टन. जुना वर्तमानपत्राचा पुडा परत आणा, असे सांगणे सोपे आहे. पण छपाईच्या शाईमुळे खाद्यपदार्थ त्यात बांधू नयेत असे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने बजावले आहे, आणि ते योग्यच आहे. डाळ-तांदूळ सुटे घेता येतात, चिप्स नाही. इथे वेष्टनाचा निर्णय कंपनी घेते, म्हणून किंमतही तिनेच मोजली पाहिजे. २०१६च्या नियमांत पुनर्वापर न होणारे बहुस्तरीय प्लास्टिक दोन वर्षांत बंद करायचे होते. २०१८ला त्या वाक्यात जाळून ऊर्जा मिळवणे आणि इतर वापर यांची सोय घुसली आणि बंदीचा जीव गेला. २०२२पासून कंपन्यांवर कचरा परत घेण्याची जबाबदारी आहे, ती मुख्यतः प्रमाणपत्रांवर चालते, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत अशी लाखो प्रमाणपत्रे बनावट निघाली. याच्या उलट दुधाची पिशवी पाहा. तिला रद्दीवाला पैसे देतो, म्हणून बहुतेक घरांत ती धुऊन, वाळवून साठवली जाते. रस्त्यावर दिसतो तो तिचा कापून टाकलेला कोपरा, ज्याला कोणी काही देत नाही. या पिशवीवर पन्नास पैसे अनामत ठेवण्याची घोषणा राज्याने २०१९मध्ये केली होती. रोज सकाळी तोच दूधवाला त्याच दारात येतो, त्यामुळे याहून सोपी वसुली दुसरी नाही. तरीही ती योजना प्रत्यक्षात आली नाही.

राज्याला दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. २०१८ची अधिसूचना राज्याच्याच २००६च्या कायद्याखाली निघाली आणि मुंबई उच्च न्यायालयाने तिला स्थगिती नाकारली. त्याच अधिकारात, मोठ्या दुकानांपासून सुरुवात करून, मग औषधांची दुकाने, मिठाईवाले, बेकऱ्या, किराणा अशा क्रमाने पिशवीचा दर बिलावर वेगळा दाखवणे सक्तीचे करता येईल. वसूल झालेल्या रकमेतला वाटा रोज हा कचरा निवडणाऱ्या कचरावेचकांना मिळावा. हातगाडीवाल्याचा क्रम सर्वांत शेवटी लावावा, आणि त्याचा ५ हजारांचा दंड आजच मागे घ्यावा.